बँकेचा नफा वाढतो कधी आणि आटतो कधी

आमच्या शेजारच्या वहिनींची एफडी परवा मॅच्युअर झाली. रिन्यू करायला गेल्या तर व्याजदर आधीपेक्षा चांगलाच कमी, आणि घरी येऊन पेपर उघडला तर त्यात बँकांचा विक्रमी नफा. संध्याकाळी त्यांनी मला जिन्यातच थांबवलं, "भाऊजी, तुम्ही बँकेत होतात ना, मग सांगा बरं, मला व्याज कमी आणि त्यांना नफा जास्त, म्हणजे माझ्याच व्याजातून कापून घेतात का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर निम्मं हो आणि निम्मं नाही असं आहे आणि ते जिन्यात उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून नीट लिहितोय. मी तीसेक वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, त्यामुळे नफा कुठून येतो आणि कसा हातातून निसटतो हे जवळून बघितलंय.

आधी सोपा हिशोब करू. वहिनींचे १०० रुपये बँकेत आले असं धरा. भांडवल वगैरे सध्या बाजूला ठेवू. त्यातले ३ रुपये सीआरआर म्हणून रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागतात, त्यावर एक पैसा व्याज मिळत नाही. १८ रुपये एसएलआरमध्ये, म्हणजे नियमानं सुरक्षित ठिकाणी, बहुतेक करून सरकारी रोख्यांत. उरलेले ७९ कर्जाला. आता उदाहरणापुरतं समजा की कर्जावर सरासरी ९ टक्के मिळतात, रोख्यांवर ७ टक्के, आणि ठेवीदारांना सरासरी ५ टक्के द्यावे लागतात (सरासरी ५ का, तर सेव्हिंग आणि करंट खात्यातला पैसा फार स्वस्त पडतो). कर्जातून आले ७ रुपये ११ पैसे, रोख्यांतून १ रुपया २६ पैसे, एकूण ८.३७. ठेवीदारांना ५ दिले, राहिले ३.३७. पगार, जागेचं भाडं, एटीएम, सॉफ्टवेअर यात २ रुपये गेले. प्रोसेसिंग फी, लॉकर, विमा पॉलिसीचं कमिशन असे ८० पैसे वरून आले. हातात राहिले २ रुपये १७ पैसे.

हे २.१७ लक्षात ठेवा. कारण त्या ७९ रुपयांच्या कर्जातले फक्त २ रुपये बुडाले, म्हणजे शंभरात अडीच जणांनी हात वर केले, की वर्षभराची मेहनत जवळजवळ साफ. बँकेचा धंदा इतका पातळ असतो. बाहेरून मोठी काचेची इमारत दिसते, पण आतमध्ये दोन रुपयांवर सगळा डोलारा उभा.

आता देशात जे काही चालतं, महागाई, पाऊस, मंदी, तेजी, त्याचा परिणाम या हिशोबातल्या प्रत्येक ओळीवर होतो. पण, आणि माझ्या मते हीच खरी समजून घ्यायची गोष्ट, प्रत्येक ओळीवर वेगवेगळ्या वेळी होतो. काही ओळी तीन महिन्यांत हलतात, काही दोन वर्षांनी, आणि काही दहा वर्षांनी. म्हणून आज दिसणारा नफा हा आजच्या परिस्थितीचा असतोच असं नाही.

व्याजदरापासून बघू. कोविडमध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो (ज्या दरानं ती बँकांना उसने पैसे देते तो दर) ४ टक्क्यांवर आणून ठेवला होता. मग महागाई वाढली, एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई पावणेआठ टक्क्यांच्या वर गेली, आणि ४ मे २०२२ ला ठरलेल्या बैठकीची वाट न बघता रेपो ४.४० केला. तिथून चढत चढत फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५०. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. ज्यांचं होम लोन होतं त्यांना हा काळ आठवत असेल, ईएमआय तोच दिसायचा पण हप्त्यांची संख्या वाढत वाढत रिटायरमेंटच्या पलीकडे जाऊन बसलेली.

त्या वेळी बँकांचा नफा का फुगला? कारण ऑक्टोबर २०१९ पासून घरासाठीची, गाडीसाठीची आणि छोट्या उद्योगांची नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, कर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या हातात नसलेल्या एखाद्या दराला, जोडणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलं, आणि तो बेंचमार्क बहुतेक ठिकाणी रेपोच. त्याचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावाच लागतो. म्हणजे रेपो वाढला की कर्जाचं व्याज लगेच वाढतं. पण वहिनींची एफडी? ती तीन वर्षांसाठी आधीच्या दरानं लॉक झालेली. तिचा दर वाढणार ती मॅच्युअर झाल्यावर. सेव्हिंग खात्याचा दर तर जवळजवळ हललाच नाही, स्टेट बँकेत तो बहुतेक ग्राहकांना कितीतरी काळ २.७० टक्केच होता. एका बाजूला व्याज लगेच जास्त मिळतंय आणि दुसऱ्या बाजूला द्यायचं व्याज सावकाश वाढतंय, मधलं अंतर आपोआप रुंद होतं. या अंतराला बँकेत निम म्हणतात, नेट इंटरेस्ट मार्जिन. स्टेट बँकेचा २०२२-२३ चा नफा ५० हजार कोटींच्या वर गेला, २०२४-२५ ला ७० हजार कोटींच्या पुढे. यात त्यांची मेहनत आहे, ती नाकारत नाही, पण वाऱ्याची दिशाही त्यांच्या बाजूची होती.

मग फेब्रुवारी २०२५ पासून वारा फिरला. रेपो ६.२५, मग ६, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का कमी करून ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५. आता हेच सगळं उलटं. कर्जदाराचं व्याज तीन महिन्यांत उतरलं, पण बँकेनं २०२४ मध्ये ठेवी ओढायला म्हणून जे चढे दर देऊन एफड्या घेतल्या त्या मात्र संपेपर्यंत त्याच दरानं सांभाळायच्या. म्हणजे वहिनी, तुमची जुनी एफडी चालू होती तेव्हा बँक तुम्हाला जुनं चढं व्याज देत होती आणि समोर नवं उतरलेलं व्याज घेत होती, त्या काही महिन्यांत बँकेचं अंतर चेपलं गेलं. तुमची एफडी रिन्यू झाली तेव्हा कुठे बँकेला जरा हलकं वाटलं. हे झालं तुमच्या प्रश्नातलं 'निम्मं हो'.

जून २०२५ मध्येच सीआरआर टप्प्याटप्प्यानं ४ वरून ३ टक्के करायचं ठरलं. आपल्या हिशोबात बिनव्याजी पडून असलेला एक रुपया कर्जाला मोकळा झाला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळ्या बँकांचा मिळून तो अडीच लाख कोटी रुपये होतो.

रोख्यांची गंमत वेगळी आहे आणि ती लोकांना फारशी माहीत नसते. समजा बँकेकडे १०० रुपयांचा, दहा वर्षांचा, ७ टक्के देणारा सरकारी रोखा आहे. बाजारात दर उतरले आणि नवे रोखे ६ टक्क्यांनी निघायला लागले. आता जुन्या ७ टक्केवाल्याला भाव येणार, तो साधारण १०७ ला विकला जाईल. उलट दर ८ झाले तर तोच रोखा ९३ च्या आसपास. त्यामुळे दर उतरतात तेव्हा कर्जाच्या बाजूनं बँक जे गमावते त्यातलं थोडंफार ट्रेझरीतून, म्हणजे रोख्यांच्या व्यवहारातून, भरून निघतं, आणि दर चढतात तेव्हा उलटं. २०१७-१८ मध्ये सरकारी बँकांचं कंबरडं मोडलं होतं त्यात या रोख्यांच्या तोट्याचाही हात होता, शेवटी तो तोटा चार तिमाहींमध्ये वाटून दाखवायची सवलत रिझर्व्ह बँकेला द्यावी लागली. आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ती बुडीत कर्जांनी नाही, ती या रोख्यांमुळे. स्वस्त व्याजाच्या काळात लांब मुदतीचे रोखे घेऊन ठेवले, दर चढले, रोख्यांची किंमत पडली, आणि त्याच वेळी ठेवीदार पैसे मागायला आले. दोन-तीन दिवसांत खेळ आटोपला.

पण खरं सांगायचं तर व्याजाचं अंतर आणि रोखे यानं बँकेला सर्दी-ताप येतो, बँक अंथरूण धरते ती थकलेल्या कर्जांनी.

मी इचलकरंजीच्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे एक ग्राहक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. सोळा यंत्रमाग, स्वतःचं कापड नाही, व्यापाऱ्याकडून सूत घ्यायचं आणि मजुरीवर विणून द्यायचं. तिथं अशांना खर्चीवाले म्हणतात. मजुरी ठरते पिकावर (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा), पिकाला इतके पैसे. आमच्याकडे त्यांचं मागांचं टर्म लोन आणि छोटी सीसी (कॅश क्रेडिट, रोजच्या धंद्याला लागेल तसं उचलायचं कर्ज). अकरा वर्षांत एक हप्ता चुकला नव्हता, पाच तारीख म्हणजे पाच तारीख. नोटबंदीनंतर व्यापाऱ्याकडून महिन्यात मिळणारी मजुरी दोन महिन्यांवर गेली, जीएसटी आल्यावर तर सगळी बाजारपेठच काही आठवडे थांबली, मग मजुरी तीन महिन्यांवर, साडेतीन महिन्यांवर. अण्णा शाखेत आले, समोर बसले आणि म्हणाले, "साहेब, माग फिरत्यात, पण पैसा फिरंना." मी त्यांच्या शेडवर गेलो होतो, माग खरंच चालू होते, खडखडाटात आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. कामगारांची मजुरी ते दर आठवड्याला देत होते, बायकोचे दागिने दुसरीकडे गहाण ठेवून. लाईट बिल भरत होते. राहत होता तो फक्त आमचा हप्ता.

आता बँकेच्या बाजूनं काय होतं बघा. एक दिवस उशीर झाला की खातं एसएमए-शून्यमध्ये (एसएमए म्हणजे लक्ष ठेवायच्या खात्यांची यादी), ३० दिवस उलटले की एसएमए-एक, ६० नंतर एसएमए-दोन, आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत खातं. त्या क्षणी दोन फटके एकदम बसतात. एक, लावलेलं पण न मिळालेलं व्याज उत्पन्नातून उलटवून काढावं लागतं आणि इथून पुढे प्रत्यक्ष रोख आली तरच उत्पन्न धरायचं. दोन, कर्जाच्या रकमेवर तरतूद करावी लागते, म्हणजे बुडेल असं धरून नफ्यातून पैसा बाजूला काढावा लागतो, तारण असेल तर पहिल्या वर्षी १५ टक्के, मग खातं जुनं होत जाईल तशी २५, ४०, शेवटी पूर्ण १००. माग बंद पडलेत का चालू आहेत, माणूस प्रामाणिक आहे का बुडवा, हे कॉम्प्युटर विचारत नाही. अण्णांचं खातं ९१ व्या दिवशी लाल झालं आणि त्या तिमाहीत आमच्या एकट्या शाखेत अशी कितीतरी खाती लाल झाली. माणसं तीच, कष्ट तेच, फक्त बाजारातली उधारी लांबली.

म्हणजे मंदी बँकेच्या दारात मंदी म्हणून येत नाही, ती उशिरा आलेल्या पैशाच्या रूपात येते.

छोट्यांचं हे असं. मोठ्यांचं गणित मात्र निराळं आणि त्याबद्दल मला आजही चीड आहे. २००४ ते २००८ तेजीचा काळ. वीज प्रकल्प, पोलाद, रस्ते, टेलिकॉम, प्रत्येकाला कर्ज हवं होतं आणि प्रत्येक बँकेला द्यायचं होतं, कारण तेव्हा वाढ म्हणजे नफा असंच दिसत होतं. कंसोर्टियममध्ये, म्हणजे अनेक बँका मिळून एकच कर्ज देतात तिथे, एक मोठी बँक पुढे झाली की बाकीच्या तिच्या सहीवर सही करायच्या. नंतर जागतिक मंदी आली, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं टूजी मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले, २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणींचं वाटप रद्द केलं, पोलादाचे भाव जगभर पडले. प्रकल्प अर्धवट, पण कागदावर खाती नियमित, कारण जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज दिलं जात होतं. २०१५ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेनं ॲसेट क्वालिटी रिव्ह्यू, म्हणजे बँकांच्या कर्जांची कसून तपासणी, लावला आणि झाकून ठेवलेलं सगळं वर आलं. मार्च २०१८ ला बँकांचं ग्रॉस एनपीए, म्हणजे एकूण कर्जातला थकलेला वाटा, ११ टक्क्यांच्या वर गेलं. आपल्या १०० रुपयांच्या हिशोबात दोन रुपयांनी नफा पुसला जात होता, इथे शंभरातले अकरा अडकलेले. त्या एका वर्षात सरकारी बँकांना मिळून ८५ हजार कोटींच्या वर तोटा झाला, एकट्या स्टेट बँकेला साडेसहा हजार कोटींचा.

तेजीत दिलेलं कर्ज, नफा तेव्हाच मोजला, प्रमोशन तेव्हाच मिळाली, आणि तोटा आला दहा वर्षांनी. भरला कोणी? ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींची भांडवलाची योजना जाहीर केली. त्यातला बराचसा आपल्या सगळ्यांचा पैसा, वहिनींचाही.

आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचं उदाहरण घ्या, कारण दोन्ही टोकं एकाच बँकेत दिसतात. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर पीसीएचे (अडचणीतल्या बँकेला शिस्त लावायचे) निर्बंध लावले, मार्च २०१८ ला ग्रॉस एनपीए साडेएकोणीस टक्क्यांच्या जवळ, म्हणजे पाच रुपयांतला जवळजवळ एक रुपया थकलेला. २०१८-१९ मध्ये जुन्या थकीत कर्जांसाठी मोठ्या तरतुदी करून टाकल्या आणि ४,७८४ कोटींचा तोटा दाखवला. तीच बँक २०२४-२५ मध्ये ५,५२० कोटी नफ्यात, एनपीए पावणेदोन टक्क्यांच्या आत. जुनी घाण साफ झाल्यामुळे तरतुदी कमी लागल्या, आणि सेव्हिंग-करंट खात्यांतला स्वस्त पैसा एकूण ठेवींच्या निम्म्याहून जास्त, त्यामुळे दर चढले तेव्हा अंतर छान रुंदावलं. वहिनींच्या प्रश्नातलं 'निम्मं नाही' ते हेच, नफा नुसता ठेवीदाराच्या व्याजातून येत नाही, थकलेली कर्जं कमी झाली की तोही वाढतो.

सगळ्याच बँकांचं ग्रॉस एनपीए मार्च २०२५ पर्यंत सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आलं. पण हे सगळं वसुलीनं झालं असं समजू नका, बरीच कर्जं राईट-ऑफ करून ताळेबंदातून काढली गेली. राईट-ऑफ म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच ठेवायची असते, पण त्यातून हातात येतं ते थोडंच.

पावसाबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते आठवतंय ना? पाणी ज्या जिल्ह्यात रेल्वेनं येतं तिथं पीककर्जाची वसुली कुठल्या तोंडानं करायची? पैसेवारी (सरकारनं लावलेला पिकाच्या उताऱ्याचा अंदाज) ५० पैशांच्या खाली लागली आणि दुष्काळ जाहीर झाला की पीककर्ज मुदत कर्जात बदलून देतात, हप्ते पुढे जातात. खातं एनपीए होत नाही, शेतकऱ्याला श्वास मिळतो, आणि हे असंच असलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पण बँकेच्या हातात त्या वर्षी रोकड येत नाही हेही खरं. आणि शेतकऱ्याकडे पैसा नसला की ट्रॅक्टर विकला जात नाही, तालुक्याच्या गावातला हार्डवेअरवाला उधारीत अडकतो, त्याची सीसी तटते. एका पावसाचा हिशोब शाखेच्या चार वेगवेगळ्या रजिस्टरांत सापडतो.

महागाई पगाराच्या बाजूनंही येते. डीए वाढतो, शिवाय मार्च २०२४ मध्ये सही झालेल्या करारात बँक कर्मचाऱ्यांना १७ टक्के वाढ मिळाली, तीही नोव्हेंबर २०२२ पासून.

आणि हल्ली एक नवीनच दुखणं. पूर्वी घरात चार पैसे उरले की एफडी. आता पोरं एसआयपी करतात, डिसेंबर २०२४ मध्ये एका महिन्यात २६ हजार कोटींच्या वर एसआयपीतून आले. तो पैसाही फिरून बँकेतच येतो, पण येतो तो कंपन्यांच्या करंट खात्यात किंवा मोठ्या ठेवींच्या रूपात, आज आहे उद्या नाही असा. वहिनींच्या एफडीसारखा तीन वर्षं शांत बसणारा पैसा कमी होतोय, आणि जो बसतो त्याला जास्त दर द्यावा लागतो.

मग आत्ताचे विक्रमी नफे खोटे का? नाही, खरे आहेत. पण मी स्वतः कुठल्याही बँकेचा निकाल बघतो तेव्हा नफ्याच्या आकड्याआधी कर्ज किती वेगानं वाढलं आणि कुणाला दिलं ते बघतो. विनातारण पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डं फार वेगानं वाढायला लागली तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्यांचं रिस्क वेट १०० वरून १२५ टक्के केलं, क्रेडिट कार्डांचं आणखी वर नेलं, म्हणजे अशा कर्जामागे जास्त भांडवल बाजूला ठेवा. तेव्हा बँकवाले नाराज झाले होते. मला ते पाऊल आवडलं. पुढे वर्षभरातच मायक्रोफायनान्सची कर्जं थकायला लागली आणि काही छोट्या फायनान्स बँकांचे नफे त्यातच आटले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी एक मसुदा पुढे आणला, १ एप्रिल २०२७ पासून लागू करायचा. त्यात ९० दिवस वाट बघत बसायचं नाही. पुढे किती बुडू शकेल याचा अंदाज कर्ज दिल्याच्या दिवसापासून बांधायचा आणि तितकी तरतूद आधीच करत जायची. हप्ता साधारण ३० दिवस थकला की धोका वाढला असं धरायचं आणि त्या कर्जाच्या उरलेल्या सगळ्या मुदतीत होऊ शकणाऱ्या नुकसानीची सोय करायची. सुरुवातीला यानं नफ्याचे आकडे थोडे बसतील, शेअर बाजार कुरकुर करेल. पण असा नियम तेव्हा असता तर अण्णांचा पहिला हप्ता चुकला त्याच महिन्यात बँकेला त्यांच्या खात्याकडे बघावं लागलं असतं. तेव्हा हप्ते लांबवून द्यायला वाव होता आणि व्यापाऱ्याकडे अडकलेली मजुरी अजून येण्यासारखी होती. ९१ व्या दिवशी आमच्याकडे द्यायला फक्त नोटीस उरली होती.